नवीन लॅपटॉप गप्प बसलाय: विंडोज ११ वर एनव्हीडीए बोलेनासा झाला तर काय तपासायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणाऱ्या बऱ्याच दृष्टिबाधितांना, मनात असो वा नसो, विंडोज ११ च्या मशीनवर यावं लागलं. नवी बटणं, नवे मेनू, आणि पहिल्या पंधरवड्यात हमखास येणारी एक तक्रार: "एनव्हीडीए बोलायचाच बंद झाला." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "दुकानात दिला, त्यांनी फॉरमॅट मारला, आता चालतोय."

फॉरमॅटची गरज यात जवळजवळ कधीच नसते. गप्प बसण्याचे पाच वेगवेगळे प्रकार आहेत. आवाज दुसऱ्याच स्पीकरकडे जातोय. एनव्हीडीए सुरूच नाही. सुरू आहे, पण बोलणं बंद केलं गेलंय. बोलतोय, पण समोरची लिपी उच्चारणारा आवाज त्याच्याकडे नाही. किंवा एनव्हीडीए ठीक आहे आणि समोरचा प्रोग्रॅमच अडकलाय. कानाला हे पाचही सारखेच वाटतात, आणि म्हणूनच घोळ होतो.

मशीन रीस्टार्ट केलं की यातले दोन-तीन प्रकार आपोआप सुटतात. पण कारण कळत नाही, आणि आठवड्याने तीच गत होते. निदान एकदा तरी रीस्टार्ट न करता खालच्या क्रमाने जा.

हे सगळं फोनवर टॉकबॅकने (अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने) ऐकत ऐकत लॅपटॉपवर करून बघता येईल. बटणं एकत्र दाबायची तिथे "प्लस" लिहिलं आहे. "एनव्हीडीए बटण" म्हणजे इन्सर्ट, किंवा सुरुवातीच्या स्वागताच्या खिडकीत तुम्ही कॅप्स लॉक निवडलं असेल तर तेही.

लक्षणं

आधी आपलं लक्षण नेमकं कुठलं ते ठरवा.

पूर्ण शांतता, एनव्हीडीए सुरू होतानाची धूनही नाही: तपासणी १ ते ३.

सुरू होताना चढती धून वाजते, पण एक शब्द बोलत नाही: थेट तपासणी ४.

बोलण्याऐवजी फक्त बीप बीप, किंवा विचारलं तरच बोलतो आणि बाण फिरवले की गप्प: तपासणी ४.

एकाच प्रोग्रॅममध्ये गप्प, बाकी सगळीकडे बोलतो: तपासणी ५.

इंग्रजी वाचतो, मराठी आली की गप्प किंवा काहीतरी अगम्य: तपासणी ६.

लॉग-इनच्या पडद्यावर किंवा परवानगी विचारणाऱ्या खिडकीत गप्प: तपासणी ७.

बोलतो, पण "अननोन" (अज्ञात), "पेन" (खिडकीचा एक भाग) एवढंच म्हणत राहतो: तपासणी ८.

आणि एक उलटं लक्षण. तुम्हाला सगळं नीट ऐकू येतंय, पण घरातलं डोळस माणूस म्हणतं, "अगं, स्क्रीन काळी पडली आहे, लॅपटॉप गेला." स्क्रीन गेलेली नसते. एनव्हीडीएमध्ये "स्क्रीन कर्टन" नावाची सोय आहे, मागून कुणी आपलं वाचू नये म्हणून पडदा काळा करणारी. एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस एस्केपने ती सुरू आणि बंद होते. ही जोडी चुकून दाबली गेल्यावर लॅपटॉप डिस्प्ले बदलायला दुकानात न्यायची गरज नाही.

तपासणी १: मशीनला आवाज आहे का? (खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट)

एखादा पेन ड्राइव्ह लावा. विंडोज उपकरण जोडल्याचा छोटा दोन सुरांचा आवाज करतं. तो ऐकू आला तर स्पीकर, साउंड कार्ड आणि ड्रायव्हर ठीक आहेत, आणि शोध एनव्हीडीएकडे वळवायचा.

नाही ऐकू आला तर दुसरा साक्षीदार बोलवा. विंडोज प्लस कंट्रोल प्लस एंटर दाबा आणि दहा सेकंद थांबा. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो. नॅरेटर आवडत नसला तरी तो कसा सुरू आणि बंद करायचा हे प्रत्येकाला पाठ हवंच, कारण बोलेनाशा झालेल्या एनव्हीडीएची सेटिंग्ज वाचून दाखवणारं त्या घडीला दुसरं कुणी नसतं. काम झालं की याच जोडीने तो बंद करा. नाहीतर दोन आवाज एकमेकांवर बोलतात आणि कॅप्स लॉक, इन्सर्ट या बटणांवर दोघेही हक्क सांगतात. "एनव्हीडीएची बटणं चालेनाशी झाली" या तक्रारीमागे कित्येकदा पाठीमागे सुरू राहिलेला नॅरेटर असतो.

नॅरेटर बोलला आणि एनव्हीडीए नाही: तपासणी ३ कडे. दोघेही गप्प: तपासणी २.

तपासणी २: आवाज कुठे गेला?

नव्या मशीनवर सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. विंडोज नव्या जोडलेल्या उपकरणाकडे आवाज वळवतं, आणि ते उपकरण बोलू शकतं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एचडीएमआय केबलने मॉनिटर लावला की आवाज मॉनिटरकडे जातो. मॉनिटरला स्पीकरच नसेल तर तो तिथेच जिरतो. ब्लूटूथ इअरफोन शेजारच्या खोलीत उशीखाली सुरू राहिलेले असतील तर तुमचा लॅपटॉप इमानेइतबारे उशीला वाचून दाखवत असतो.

म्हणून आधी हात वापरा. एचडीएमआय केबल काढा. ब्लूटूथ इअरफोन डबीत ठेवून डबी बंद करा. वायरचा इअरफोन खोचलेला असेल तर काढा. मग आवाज वाढवायचं बटण दहा-बारा वेळा दाबा. म्यूटचं बटण दाबू नका, कारण ते एकदा दाबलं की सुरू आणि दुसऱ्यांदा बंद होतं, आणि आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते ऐकून कळत नाही. आवाज वाढवायचं बटण मात्र म्यूट असेल तर बहुतेक मशीनवर तेही काढतं.

इथे नव्या लॅपटॉपची एक खोड लक्षात घ्यायला हवी. वरच्या ओळीतली एफ१ ते एफ१२ ही बटणं हल्ली आवाज, प्रकाश, विमान मोड अशा कामांना लावून येतात, आणि खरं एफ१२ हवं असेल तर एफएन बटण धरावं लागतं. सवयीने पानावरच्या शीर्षकांची यादी काढायला एनव्हीडीए प्लस एफ७ दाबावं आणि भलतंच काही घडावं, असं यामुळे होतं. अनेक लॅपटॉपांवर एफएन प्लस एस्केपने ही अदलाबदल कायमची उलटते. हे दाबूनही फरक पडला नाही, तर ती सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, असते. बायोसमध्ये स्क्रीन रीडर बोलत नाही, तेव्हा ते काम डोळस माणसाकडून एकदाच करून घ्या.

नॅरेटर किंवा एनव्हीडीए यांपैकी एक जरी बोलत असेल तर अलीकडच्या विंडोज ११ मध्ये विंडोज प्लस कंट्रोल प्लस व्ही दाबलं की आवाज कुठे पाठवायचा त्याची यादी उघडते. बाणांनी हवा तो स्पीकर निवडून एंटर.

एक उपप्रकार: आवाज येतो, पण प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. "कंट्रोल पॅनल" ऐवजी "ट्रोल पॅनल". वीज वाचवायला साउंड कार्ड किंवा ब्लूटूथ झोपी जातं आणि जागं होईपर्यंत पहिला उच्चार निघून गेलेला असतो. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये बोलणं संपल्यावर साउंड कार्ड किती सेकंद जागं ठेवायचं ते ठरवता येतं. तिथे शून्य असेल तर आकडा वाढवा.

तपासणी ३: एनव्हीडीए जिवंत आहे का?

कंट्रोल प्लस ऑल्ट प्लस एन दाबा. एनव्हीडीए बंद असेल तर सुरू होतो, सुरू असेल तर स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. चढती धून हीच खूण.

धून आली नाही तर विंडोज प्लस आर, मग एन, व्ही, डी, ए ही चार इंग्रजी अक्षरं आणि एंटर. ही वाट निराळी आहे. कंट्रोल-ऑल्ट-एन डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर अवलंबून असतं आणि विंडोजचा एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा भाग) अडकला तर चालत नाही.

या पायरीवर मराठी टाइप करणारे हमखास फसतात. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असेल तर ती चार अक्षरं देवनागरीत उमटतात आणि विंडोजला असा प्रोग्रॅम सापडत नाही. आपल्याला वाटतं एनव्हीडीएच उडाला. आधी विंडोज प्लस स्पेस एकदा दाबा, पुन्हा करून बघा. दोनच कीबोर्ड लावलेले असतील तर दोन प्रयत्नांत काम होतं. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि इंग्रजी असे तीन असतील तर तीन. लॉग-इनला "पासवर्ड चुकीचा" हे ऐकू येण्यामागेही बऱ्याचदा हाच कीबोर्ड असतो. कॅप्स लॉक एनव्हीडीए बटण म्हणून वापरणाऱ्यांच्या बाबतीत दुसरं कारण: ते पटकन दोनदा दाबलं की खरोखरचं कॅप्स लॉक लागतं.

अजून एक चांगली चाचणी म्हणजे कंट्रोल प्लस ऑल्ट प्लस डिलीट. या पडद्यावर एनव्हीडीएची वेगळी प्रत चालते. तिथे बोलला आणि एस्केप मारून परत आल्यावर गप्प झाला, तर इन्स्टॉलेशन आणि आवाज दोन्ही शाबूत आहेत, बिघाड तुमच्या चालू प्रतीच्या सेटिंग्जमध्ये आहे.

नॅरेटर बोलतो, पण एनव्हीडीएची धूनही येत नाही, असं असेल तर एनव्हीडीए न दिसणाऱ्या उपकरणाकडे बोलत असण्याची शक्यता मोठी. नॅरेटर सुरू ठेवून एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस यू दाबा. ऑडिओ सेटिंग्ज उघडतात आणि नॅरेटर ती वाचतो. आउटपुट उपकरणाच्या यादीत होम दाबून पहिला, म्हणजे विंडोज ठरवेल तो, पर्याय घ्या आणि एंटर. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये एनव्हीडीएचा एकट्याचा आवाज शून्यावर गेलेला नाही ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

कीबोर्डच मेल्यासारखा वाटतोय, एकही बटण लागत नाही? उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवा. विचार करताना हात त्या बटणावर विसावला की विंडोजच्या "फिल्टर कीज" सुरू होतात आणि पटकन दाबलेली बटणं दुर्लक्षित होतात. तेवढाच वेळ पुन्हा धरलं की त्या बंद.

तपासणी ४: बोलणं बंद केलंय का?

एनव्हीडीए प्लस एस. एकदा दाबा, दोन सेकंद थांबा, ऐका. काही नाही तर पुन्हा. असं चार वेळांपर्यंत. हे बटण बोलण्याच्या चार पद्धती फिरवतं: बोलणं बंद, फक्त बीप, बोलणं सुरू, आणि २०२४.१ या आवृत्तीपासून आलेली "ऑन-डिमांड". शेवटची सगळ्यात फसवी, कारण खिडकीचं नाव विचारायला एनव्हीडीए प्लस टी दाबलं तर उत्तर मिळतं, मात्र बाण आणि टॅब यांवर एक शब्द निघत नाही. फाइल सेव्ह करायला कंट्रोल प्लस एस दाबताना बोट एनव्हीडीए बटणावर गेलं की हे होतं. दिवसातून पन्नास वेळा सेव्ह करणाऱ्याच्या हातून ते कधी ना कधी होणारच.

ही पद्धत एनव्हीडीए जपून ठेवत नाही. बंद करून सुरू केला की बोलणं परत "सुरू"वर येतं. रीस्टार्टने "आपोआप बरं झालं" असं वाटतं ते या मुळेच.

तरीही धून येते आणि बोलत नाही, तर बोलणारं इंजिन अडकलंय. न ऐकता करायची युक्ती अशी: कीबोर्ड इंग्रजीवर असल्याची खात्री करा, एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस एस दाबा, एक सेकंद थांबा, इंग्रजी ई दाबा, एंटर. यामुळे एनव्हीडीएसोबतच येणारं ईस्पीक एनजी हे इंजिन निवडलं जातं. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आहे, मान्य. पण ते विंडोजच्या कुठल्याही आवाजावर अवलंबून नाही, त्यामुळे बाकी सगळं अडकलं तरी हे चालतं.

वेग इतका वाढलाय की शब्द कळत नाही, किंवा आवाज शून्यावर गेलाय? एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस आर एकदा दाबा, शेवटच्या जपलेल्या सेटिंग्ज परत येतात. हेच पटापट तीनदा दाबलं तर एनव्हीडीए कारखान्यातून आल्यासारखा होतो. तीनदाचा उपाय शेवटी ठेवा. एनव्हीडीए बंद होताना सेटिंग्ज आपोआप जपतो, ती सोय तुम्ही काढली नसेल तर तुमची जुनी घडी त्यात पुसली जाईल.

तपासणी ५: एकाच प्रोग्रॅममध्ये गप्प

ऑल्ट प्लस टॅबने दुसऱ्या खिडकीत जा. तिथे बोलतो, परत आल्यावर गप्प? त्या प्रोग्रॅमपुरता "स्लीप मोड" लागलाय. तो काढायला एनव्हीडीएची कीबोर्ड मांडणी डेस्कटॉप असेल तर एनव्हीडीए प्लस शिफ्ट प्लस एस, लॅपटॉप असेल तर एनव्हीडीए प्लस शिफ्ट प्लस झेड. हा मोड स्वतः बोलणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी केलेला आहे. तो लागलेला असताना त्या खिडकीत एनव्हीडीएच्या बाकी आज्ञाही चालत नाहीत, म्हणून लोक भांबावतात.

ब्राउझरमध्ये पूर्ण गप्प नसून "अक्षर टाइप केलं की भलतीकडे उडी मारतो" असं होत असेल तर तो बिघाडच नाही. एनव्हीडीए प्लस स्पेसने वाचण्याचा आणि टाइप करण्याचा मोड बदला.

तपासणी ६: मराठीच वाचत नाही

इथे थोडं थांबावं लागेल. "फोन मराठी छान वाचतो, मग वीस पट महाग लॅपटॉप का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. अँड्रॉइडमध्ये गूगलचा मराठी आवाज मिळतो. विंडोज ११ वर एनव्हीडीए पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो विंडोजचेच आवाज घेतो, आणि नव्या मशीनवर ते सहसा इंग्रजी असतात. इंग्रजी आवाजासमोर देवनागरी आली की तो ती ओलांडून पुढे जातो. चूक सांगत नाही, अडखळत नाही. त्यामुळे मराठी बातमीचं पान उघडलं की फक्त आकडे आणि मधले इंग्रजी शब्द ऐकू येतात.

खात्री करायची तर नोटपॅडमध्ये एक मराठी शब्द लिहा आणि बाणाने अक्षर अक्षर फिरा. शांतता म्हणजे आवाजाला लिपी येत नाही. एनव्हीडीएत काही बिघडलेलं नाही.

दोन उपाय आहेत, दोन्ही फुकट. पहिला: एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस एसने ईस्पीक एनजी घ्या, मग एनव्हीडीए प्लस कंट्रोल प्लस व्हीने आवाजांच्या यादीतून मराठी निवडा. इंटरनेट लागत नाही, वेगात वाचलं तरी शब्द स्पष्ट राहतात. दुसरा: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथे हिंदी जोडा आणि टेक्स्ट-टू-स्पीचची खूण काढू नका. उतरवून झालं की एनव्हीडीए पुन्हा सुरू करा, कल्पना आणि हेमंत हे हिंदी आवाज यादीत दिसतील. ते कानाला गोड आहेत आणि देवनागरी वाचतात, पण वाचतात हिंदीच्या वळणाने. "चहा" आणि "चमचा" यांतला च त्यांना सारखाच. कादंबरी ऐकायला चालेल. प्रूफ तपासणाऱ्याने किंवा परीक्षा देणाऱ्याने ईस्पीकचा मराठी आवाज घ्यावा असं आमचं मत आहे.

आवाज बदलूनही काही संकेतस्थळांवर मराठी गप्पच राहते, आणि काहींवर व्यवस्थित. याचं कारण स्पीच सेटिंग्जमधला भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय. पानाच्या कोडमध्ये भाषा लिहिलेली असते आणि एनव्हीडीए त्यावर विश्वास ठेवतो. मजकूर मराठी, पण पान बनवणाऱ्याने भाषा इंग्रजी अशी नोंदवली असेल तर एनव्हीडीए आज्ञाधारकपणे इंग्रजी आवाजाकडे वळतो, आणि इंग्रजी आवाज देवनागरी गिळतो. हा पर्याय बंद करा. मग सगळं मराठी आवाजातच वाचलं जाईल. इंग्रजी शब्द थोडे गावरान होतील, पण मजकूर सुटणार नाही. ऐकायला उलटं वाटतं, "भाषा बदलणं बंद केल्यावर मराठी कशी सुरू होईल?", पण होते.

आणि शांतता नसून इंग्रजी अक्षरांची भेळ ऐकू येत असेल तर तो जुन्या फॉन्टचा मजकूर आहे. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये दिसायला मराठी असली तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळस माणसाला "महाराष्ट्र" दिसतं, एनव्हीडीएला त्यामागची कचकच. वर्डमध्ये कर्सर त्या शब्दावर ठेवून एनव्हीडीए प्लस एफ दाबा, फॉन्टचं नाव कळेल. कितीही आवाज बदलले तरी हे सुधारणार नाही. पाठवणाऱ्याकडे युनिकोड प्रत मागा, किंवा त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही, म्हणून नाव आधी काढायचं.

पीडीएफ "रिकामी" वाटली तर ती स्कॅन केलेली आहे. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र पुन्हा तपासून घ्या, विशेषतः तारीख आणि रक्कम.

तपासणी ७: लॉग-इन आणि परवानगीची खिडकी

एनव्हीडीएची पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत या पडद्यांवर बोलू शकत नाही, विंडोजची तशी परवानगीच नाही. त्याच कारणाने अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेले प्रोग्रॅमही तिला वाचता येत नाहीत. तेव्हा स्वतःच्या मशीनवर एनव्हीडीए इन्स्टॉलच करा.

इन्स्टॉल असूनही गप्प असेल तर जनरल सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याची खूण लावा. त्याच पानावर चालू सेटिंग्ज साइन-इनसाठीही वापरण्याचं बटण आहे. लॉग-इनच्या पडद्यावरची प्रत तुमची सेटिंग्ज बघत नाही, तिच्याकडे शेवटची नक्कल असते. म्हणून आवाज किंवा स्पीकर बदलला की ते बटण पुन्हा दाबायला हवं.

इन्स्टॉल करताना मध्येच शांतता पसरली तर परवानगीची खिडकी आलेली असते. तुम्हीच काही सुरू केलं असेल तर ऑल्ट प्लस वाय. तुम्ही काहीच सुरू केलेलं नसताना शांतता आली तर एस्केप. न ऐकता "होय" म्हणू नका.

तपासणी ८: एनव्हीडीए नुसता "अननोन" म्हणतो

आधी विंडोज प्लस डी दाबून डेस्कटॉपवर जा आणि परत या. नव्याने लॉग-इन झाल्यावर विंडोज ११ चा फोकस कधीकधी कुठेच नसतो. मशीन जागच्या जागी असतं, फक्त तुम्ही कुठल्याच खिडकीत नसता.

मग अॅड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडलेल्या जादा सोयी. एनव्हीडीए प्लस क्यू, खाली बाण दोनदा, एंटर: अॅड-ऑन बंद ठेवून एनव्हीडीए सुरू होतो. आता नीट बोलला तर अॅड-ऑन एकेक करून लावत दोषी शोधा. दर वर्षाची पहिली आवृत्ती, म्हणजे शेवटी .१ असलेली, जुन्या अॅड-ऑनशी जुळेलच असं नसतं. आपला मुख्य आवाजच अॅड-ऑनमधून घेतलेला असेल तर अशा अपडेटनंतर अचानक वेगळाच आवाज बोलू लागतो. त्या आवाजाची नवी आवृत्ती आल्याशिवाय अपडेट करू नका.

अॅड-ऑन निर्दोष निघाले आणि ब्राउझरची पानंही कोरी वाटू लागली असतील तर एनव्हीडीए प्लस एन, टूल्स, त्यात "सीओएम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल". एखादा प्रोग्रॅम काढताना विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या ज्या नोंदी बिघडतात त्या हे दुरुस्त करतं. चालवल्यावर मशीन रीस्टार्ट करा. ऑफिसच्या मशीनवर हे स्वतः करू नका, तिथल्या आयटी विभागाला सांगा.

राइट-क्लिकचा मेनू गायब झालाय ही तक्रारही इथेच मिटवू. नव्या कीबोर्डांवर मेनूच्या बटणाची किंवा उजव्या कंट्रोलची जागा कोपायलट बटणाने (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणाऱ्या) घेतली आहे. शिफ्ट प्लस एफ१० वापरा. फाइलींच्या यादीत त्याने विंडोज ११ चा आखूड मेनू नाही तर जुना पूर्ण मेनू उघडतो, जो विंडोज १० वरून आलेल्यांच्या हाताला बसलेला असतो. एफएनचं वर सांगितलेलं इथेही लागू.

इथे थांबा, माणूस बोलवा

पेन ड्राइव्ह लावल्याचा आवाज नाही, नॅरेटर नाही, यूएसबी हेडफोन लावूनही काही नाही. एकदा मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. तरी नाही, तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअर आहे. आंधळेपणाने ड्रायव्हर काढून टाकायला जाऊ नका. डोळस मदतनिसाला सोबत घ्या.

सुरू केल्यावर लॉग-इनपर्यंतच पोचत नाही असं वाटलं तर एकही बटण न दाबता बी माय आइज किंवा लुकआउट या दृष्टिबाधितांसाठीच्या अॅपने फोनवरून पडदा वाचून घ्या. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मागितलेली असू शकते. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या मशीनची डिस्क सहसा आपोआप कुलूपबंद होते, आणि बायोस अपडेटनंतर ती ४८ आकडी की मागू शकते. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, फोनच्या ब्राउझरमधून मिळते. पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवून मगच आकडे भरा. या पडद्यावर आलेलं मशीन दुकानात गेलं की "फॉरमॅट करावं लागेल" हे पहिलं उत्तर येतं. की हातात असेल तर करावं लागत नाही.

लॅपटॉपचं पोट फुगलंय, टचपॅड वर उचलला गेलाय, जळका वास येतोय: लगेच बंद करा, चार्जर काढा, सर्व्हिस सेंटर. यात सॉफ्टवेअर काही नाही.

आठही तपासण्या झाल्या, आवाजाचा मार्ग मेलाय पण एनव्हीडीए चालू आहे असं वाटतंय, अशा वेळी दूरच्या जाणकाराला आत घेता येतं. २०२५.१ पासून एनव्हीडीएतच रिमोट अॅक्सेस (दुसऱ्याच्या मशीनवरून आपलं मशीन चालवण्याची सोय) आहे, टूल्स मेनूमध्ये. दोघांनी एकच की टाकली की तुमच्या मशीनचं बोलणं त्याच्या कानात ऐकू येतं, तुमचा स्पीकर बंद असला तरी. फक्त मशीन चांगलं बोलत असतानाच हे एकदा जोडून बघून ठेवा. ती की म्हणजे घराची किल्ली आहे, गटावर टाकायची नाही. शिकवणारं माणूस जवळ हवं असेल तर मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर या ठिकाणी विचारा.

दुकानात मशीन देताना कागदावर तीन ओळी लिहून द्या: फॉरमॅट करू नये, एनव्हीडीए काढू नये, नॅरेटर बोलतो का ते विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून आधी पाहावं. आणि कुठल्या तपासणीपर्यंत काय ऐकू आलं तेही. धून वाजते पण शब्द नाही, एवढी एक ओळ दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचवते.